गोवंश हत्याबंदी: कायदा शेतीच्या नावाने, राजकारण धर्माच्या नावाने; मग भाकड जनावराचा खर्च कोणाच्या नावाने?

देवणीकर (तालुका उदगीर, जिल्हा लातूर)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे दोन पिढ्यांपासून देवणी या देशी जातीची जनावरे आहेत. हाळी-हंडरगुळीचा बाजार जवळचा, त्यामुळे एखादे जनावर विकणे आणि एखादे घेणे हा आमच्या शेतीचाच भाग होता. बैल जुळला, दोन-चार वर्षे काम करून उतरणीला लागला, की तो विकायचा आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून आदत (दुधाचे दात न पडलेला) गोऱ्हा घ्यायचा, असा वडिलांचा शिरस्ता होता. म्हातारा बैल पुढे कोठे जातो, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असे आणि कोणी विचारीत नसे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरला की मालक दावे सोडून द्यायचा, बैलाच्या कपाळावरून एकदा हात फिरवायचा आणि मागे न पाहता निघायचा.

मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि हे चक्र मधेच तुटले. आता उतरणीच्या बैलाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे नव्या गोऱ्ह्यासाठी हातात पैसा नाही. आमच्या गावातील एका शेतकऱ्याने पोळ्याच्या आधी औतासाठी बैलजोडी घेतली. ती घरी आणताना काही तरुणांनी वाटेत टेम्पो अडवला. बाजाराची पावती खिशात असूनही रात्र पोलीस ठाण्यात गेली, बैल गोशाळेत गेले, आणि ते सोडवून आणेपर्यंत पेरणीनंतरची कोळपणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने करून घ्यावी लागली.

आमच्या घरी वसुबारस होते, पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास दिल्याशिवाय कोणी जेवत नाही. तेव्हा माझा प्रश्न श्रद्धेविरुद्ध आहे असे कृपया कोणी समजू नये. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, ही बंदी कायद्याच्या भाषेत नेमकी कशावर उभी आहे, धर्मावर की शेतीवर? शेतीवर असेल, तर तिचे समर्थन करणारी भाषणे नेहमी राष्ट्र आणि धर्म यांविषयीच का असतात? आणि रस्त्यावर गाडी अडवण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? अभ्यास असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

न्यायपथिक (छत्रपती संभाजीनगर)

देवणीकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात आहे, आणि ते वाचल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते. शेती आणि पशुसंवर्धन यांची व्यवस्था आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने लावण्याचा प्रयत्न राज्याने करावा, आणि विशेषतः गाई, वासरे व इतर दुभत्या आणि जुंपणीच्या गुरांच्या जाती जतन करून त्यांच्या कत्तलीस मनाई करण्यासाठी पावले उचलावीत, असा त्याचा आशय आहे. धर्माचा त्यात उल्लेखही नाही. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे कोणाला थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. पशुधनाचे जतन हा विषय राज्यसूचीतील असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. केरळात जे चालते ते महाराष्ट्रात गुन्हा ठरते, याचे कारण हेच.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर झालेली चर्चा मुळातून वाचण्याजोगी आहे. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी दुरुस्ती मांडली आणि तिचे समर्थन मुख्यतः दूध, खत आणि बैल या मुद्द्यांवर केले. त्या वेळी झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला या दोन मुस्लिम सदस्यांनी जे सांगितले, ते मला आजही या संपूर्ण वादाचे मर्म वाटते. बहुसंख्याकांना धार्मिक कारणासाठी बंदी हवी असेल तर तसे स्पष्ट शब्दांत लिहा, आम्ही ते समजू शकतो. परंतु मागच्या दाराने, अर्थकारणाचे नाव पुढे करून ते आणू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. सभेने ते मानले नाही. मागणी श्रद्धेची आणि मसुदा शेतकी खात्याचा, अशी जी रचना तेव्हा झाली तिच्यातच आपण आजवर राहत आहोत.

न्यायालयांनाही त्यामुळे कायम शेतीचेच गणित सोडवावे लागले. १९५८ साली हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाई आणि वासरांवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली, मात्र बैल किंवा वळू कामाचा उरला नाही, तर त्याच्यावरही बंदी घालणे हे खाटकांच्या व्यवसाय-स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन होय, असे म्हटले. निरुपयोगी जनावर चांगल्या जनावराचा चारा खाते, हा त्यामागील विचार. २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने ही भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी शेण आणि मूत्र देतोच, म्हणून तो कधीच निरुपयोगी होत नाही, असे बहुमताने मानले. कागदावर हा युक्तिवाद बरोबर असेलही. परंतु ते शेण मिळेपर्यंत जो कडबा लागतो, त्याची किंमत त्या हिशोबात कोणत्या रकान्यात धरली आहे, हे मला निकाल पुन्हा पुन्हा वाचूनही सापडलेले नाही.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर मूळ कायदा १९७६ चा आहे आणि त्यात फक्त गाईच्या कत्तलीवर बंदी होती. बैल आणि वळू यांना ती लागू करणारे विधेयक शिवसेना-भाजप युतीच्या काळात १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केले, पण राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र बंदी नसलेल्या परराज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे कलम, ही दोन्ही रद्द केली. म्हैस या बंदीत नाही. तिच्यासाठी कत्तलीस योग्य असल्याचा दाखला घ्यावा लागतो.

गोसेवक अंबाजोगाई

माननीय वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे, परंतु त्यांच्या लिखाणात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की धार्मिक भावना ही कायद्याचा आधार होण्यास अपात्र गोष्ट आहे. मला हे मान्य नाही. ज्या देशात कोट्यवधी लोक गाईला माता मानतात, त्या देशाच्या कायद्यात त्या भावनेला स्थान असणे यात लोकशाहीविरोधी काय आहे? नेपाळने २०१५ च्या आपल्या राज्यघटनेत गाय हा राष्ट्रीय प्राणी ठरवला आणि त्याच राज्यघटनेत स्वतःला धर्मनिरपेक्षही म्हटले. लारी आणि सादुल्ला यांचे म्हणणे मला पटते, फक्त उलट बाजूने: आपण श्रद्धेची गोष्ट श्रद्धा म्हणूनच लिहायला हवी होती. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले, तेव्हा निदान हा संकोच संपला.

दुसरे असे की, रस्त्यावर उभे राहणारे सगळेच गुंड नसतात. कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेवरून रात्री जी वाहने जातात, त्यांत पाय बांधून, एकावर एक कोंबलेली जनावरे मी स्वतः उतरवून घेतली आहेत. काहींचे डोळे मिरचीने लाल झालेले होते. वाहतुकीच्या नियमानुसार एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी गुरे नेता येत नाहीत, आणि आम्ही त्याच्या तिप्पट मोजली आहेत. पोलिसांनी हे काम केले असते तर आमच्या पोरांना झोप मोडून उभे राहण्याची हौस नव्हती.

आमच्या गोशाळेची अडचणही सांगतो, कारण ती तेथे आलेल्या प्रत्येकाला दिसतेच. सकाळी फाटक उघडले की बाहेर एखादी भाकड गाय किंवा म्हातारा बैल उभा असतो. वेसण काढलेली, कानातला पिवळा बिल्ला कापलेला, म्हणजे मालकाचा माग लागू नये. शासन गोशाळेतील देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान देते. दुष्काळात २०१९ साली चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे ९० आणि पुढे १०० रुपये द्यावे लागले होते, यावरून वाचकांनी काय ते समजून घ्यावे. तरीही ही अडचण पैशांची आहे, तत्त्वाची नाही.

गोदातीर (नांदेड)

मी इतिहास शिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: गाय ही राष्ट्राची कसोटी केव्हा झाली?

शेतीचा युक्तिवाद आणि धर्माचा युक्तिवाद यांची जोडी १९४८ साली जुळली, असे वरील चर्चेवरून वाटू शकेल. प्रत्यक्षात ती स्वामी दयानंद सरस्वती यांच्यापासून आहे. १८८१ च्या सुमारास त्यांनी गोरक्षणावर जे लिहिले, त्यात एका गाईच्या दुधावर आणि तिच्या वंशावर किती माणसे जेवतील याचे चक्क आकडेमोडीचे कोष्टक आहे. त्यांनी स्थापन केलेल्या गोरक्षिणी सभा उत्तर भारतात झपाट्याने पसरल्या, आणि त्यांच्याबरोबर एक चित्रही पसरले: गाईच्या देहात सगळे देव बसलेले आणि तिच्यावर तलवार उगारून धावणारा एक जण. त्या चित्रात दुधाचे कोष्टक नव्हते. १८९३ साली आझमगढ, बलिया येथे दंगली झाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतही. सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ ज्या वातावरणात उभी राहिली, ते हेच. भाषा, जात, प्रांत यांनी विभागलेल्या समाजाला एका झेंड्याखाली आणण्यास गाय जितकी उपयोगी पडली तितकी दुसरी कोणतीही गोष्ट पडली नाही, कारण ती मुंबईच्या पेढीवाल्यालाही ठाऊक होती आणि बलियाच्या कुळालाही.

आमच्या मराठवाड्यात हा प्रवाह आर्य समाजामार्फत आला. निजामी राजवटीत उदगीर, निलंगा, लातूर या भागांत आर्य समाजाचे मोठे काम होते आणि १९३८-३९ चा त्यांचा सत्याग्रह धार्मिक नागरी स्वातंत्र्यासाठी होता. पुढे रझाकारांचा काळ आला, १७ सप्टेंबर १९४८ ला तो संपला, आणि त्या जखमांच्या आठवणीत धर्म, स्वातंत्र्य आणि राष्ट्र हे तिन्ही शब्द आमच्याकडे जणू एकच होऊन बसले. पुण्या-मुंबईच्या लोकांना मराठवाड्यातील या विषयाची धार कळत नाही ती यामुळे. आणि त्याच मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्ते कट्टर धर्मनिरपेक्ष होते, हेही तितकेच खरे; पण त्यांच्या नावाने मिरवणुका निघत नाहीत.

आता काही गोष्टी अशा, ज्या दोन्ही बाजूंना अडचणीच्या वाटतील. ज्यांना हिंदुत्वाचे जनक मानले जाते त्या सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजन नव्हे, अशी भूमिका जाहीरपणे घेतली होती. म्हणजे गाय ही राष्ट्रवादाची अपरिहार्य कसोटी आहे, हे त्या विचारधारेच्या मूळ प्रणेत्यालाच मान्य नव्हते. दुसरीकडे काँग्रेसला यात कोरी पाटी म्हणता येत नाही. नेहरूंनी १९५५ साली लोकसभेत सेठ गोविंददासांच्या गोहत्याबंदी विधेयकाला कडाडून विरोध केला हे खरे, परंतु १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींनी गाय-वासरू याच चिन्हावर जिंकली. आणि महाराष्ट्रातील १९७६ चा मूळ कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री आमच्या नांदेडचेच शंकरराव चव्हाण होते. त्या वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा इशारा दिला होता. १९७९ साली त्यांनी ते प्रत्यक्ष केले, आणि जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर त्यांच्या अनुयायांनी सत्याग्रह मांडला. विनोबांचे गोरक्षण आणि दंडुका घेतलेले गोरक्षण यांना एकाच नावाने ओळखावे लागते, ही भाषेची नव्हे, आपल्या राजकारणाची अडचण आहे.

संसदेवरील ७ नोव्हेंबर १९६६ चा मोर्चा, गोळीबार आणि गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांचा राजीनामा सर्वांना माहीत असतो. त्यानंतर नेमलेल्या समितीचे काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. माजी सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोळवलकर गुरुजी, पुरीचे शंकराचार्य आणि अमूलचे वर्गीस कुरियन एकत्र बसले होते. श्रद्धा, संघटना आणि दूध, तिन्ही एका टेबलाशी. समिती बारा वर्षे रेंगाळली आणि अखेर १९७९ मध्ये अहवालाविनाच गुंडाळली गेली.

गोसेवकजी, आपण नेपाळचे उदाहरण दिलेत. तेथील राज्यघटनेने धर्मनिरपेक्षतेची व्याख्याच सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचे रक्षण अशी केली आहे. आपल्या घटनेने तसे केले नाही, आणि दोन्ही देशांत बहुसंख्या हिंदूंचीच आहे. बहुसंख्या असली म्हणजे राष्ट्राची एकच व्याख्या आपोआप निघते असे नाही.

देवणीकर

दोघा-तिघांनी इतके सविस्तर लिहिले, आभारी आहे. गोसेवकजींना एक विचारतो. शासनाच्याच आकडेवारीनुसार २०१९ च्या पशुगणनेत राज्यातील देशी गोवंश ४६ लाख १३ हजार इतका उरला होता आणि आधीच्या गणनेपेक्षा तो २० टक्क्यांहून अधिक घटला होता. राज्यमातेच्या निर्णयात देवणी आणि लाल कंधारी या जातींची नावे मराठवाड्याच्या म्हणून मानाने घेतली आहेत, पण आमच्या गावात देवणीच्या दावणी रिकाम्या होत आहेत. ज्वारी जाऊन सोयाबीन आले, तेव्हा कडबाही गेला. ट्रॅक्टर आला, तेव्हा बैलाचे कामही गेले. त्यातच विकण्याची वाट बंद झाली. ज्याचा शेवट परवडत नाही, त्याची सुरुवात शेतकरी करीत नाही. लोक संकरित गाय किंवा सरळ म्हैस घेऊ लागले आहेत, कारण म्हैस विकता येते. मग ही बंदी देशी गाय वाचवते आहे की तिला गोठ्यातूनच हद्दपार करते आहे?

बाजारवाट (परभणी)

हा धागा मी बरेच दिवस वाचत होतो. आमचे घराणे जनावरांच्या व्यापारातले आहे, आणि आडनाव सांगितले की पुढची ओळख करून द्यावी लागत नाही, म्हणून ते सांगत नाही.

२०१५ नंतर आम्ही बैल घेणे सोडले. उरला म्हैसवर्ग, जो कायद्याने आजही खुला आहे. पण रस्त्यावर ताडपत्री उचलून पाहणाऱ्याला रेडा आणि बैल यांतला फरक पाहायचा नसतो. तो चालकाचे नाव विचारतो. गाडी, जनावरे आणि मोबाइल जाऊन हाती फक्त तारखा येतात. जप्त जनावर गोशाळेत ठेवले की त्याच्या चाऱ्याचा खर्चही आमच्याच अंगावर पडतो, तो २०१७ च्या केंद्रीय नियमांमुळे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०१६ मध्ये स्वतः म्हटले होते की, राज्यांनी अशा लोकांच्या कुंडल्या काढल्या तर सत्तर-ऐंशी टक्के समाजविघातक धंद्यांतले निघतील. त्याच्या महिनाभर आधी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली होती. म्हणजे जिवंत जनावर नेणारा मुसलमान आणि मेलेले ओढणारा दलित, दोघेही त्याच काठीखाली.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या समाजाने राज्यभर खरेदी बंद ठेवली, तेव्हा पहिला फोन आम्हाला कोणाचा आला असेल? नेत्याचा नाही. शेजारच्या गावच्या एका मराठा शेतकऱ्याचा, ज्याच्या मुलीचे लग्न होते आणि ज्याला दोन म्हशी विकायच्या होत्या. "मामू, तुम्ही बसलात तर आम्ही कोठे जावे?" असे ते म्हणाले. त्यांचे वडील माझ्या वडिलांकडे जनावर देत असत. आमच्या बंदची दखल घेण्यात आली ती शेतकरी ओरडू लागले म्हणून. आम्ही दहा वर्षे ओरडत होतो तेव्हा ती कायदा-सुव्यवस्थेची बाब होती.

गोसेवकसाहेब, कोंबून नेलेल्या जनावरांबद्दल आपण लिहिले ते खोटे नाही. आमच्या धंद्यात असे करणारे आहेत. परंतु उघड बाजार, उघड रस्ता आणि जवळचा परवानाधारक कत्तलखाना बंद केला की जे उरते ते रात्रीचेच काम असते, आणि ते भल्या माणसाच्या हातून निघून जाते.

गोसेवक अंबाजोगाई

बाजारवाट, आपण सभ्यतेने लिहिलेत, म्हणून मीही तसेच उत्तर देतो. चालकाचे नाव विचारून काठी उचलणारा माझ्या लेखी गोरक्षक नाही. तरीही बैल पुन्हा कत्तलीसाठी खुला करावा, हे मी कधीच मान्य करणार नाही. देवणीकर यांच्या प्रश्नावर माझे म्हणणे इतकेच की, समाजाला गाय माता म्हणून हवी असेल तर भाकड काळातील तिचा खर्च समाजाने द्यावा, गोशाळेलाच नव्हे तर शेतकऱ्याच्या गोठ्यात थेट द्यावा. आमच्या व्यासपीठांवर हे मी बोललो आहे. टाळ्या पडल्या नाहीत.

न्यायपथिक

देवणीकर यांचा तिसरा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. १९७६ च्या कायद्यानुसार वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, अथवा शासनाने रीतसर प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. स्वयंसेवकाने माहिती द्यावी. गाडी अडवणे, किल्ली काढून घेणे, मारहाण करणे हे त्याच्या हातून झाले तर तो स्वतः गुन्हेगार ठरतो. जमावाच्या हिंसाचाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण आहे, हे माहिती अधिकारात अवश्य विचारा.

आपल्या गावातील शेतकऱ्याला एवढे सांगा. बाजार समितीची पावती, त्यावर विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे पूर्ण नाव, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, पशुवैद्यकाचा वाहतुकीचा दाखला आणि स्वतःचा सातबारा, हे सर्व मूळ आणि एकेक छायाप्रत, दोन वेगळ्या खिशांत ठेवावे. कोणी अडवलेच तर हुज्जत न घालता ११२ वर फोन लावावा आणि कागद फक्त गणवेशातील अधिकाऱ्याच्या हातात द्यावेत, तेही छायाप्रतीच. बैल गोशाळेत गेले असतील तर ताबा मिळवण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पहिल्याच तारखेला टाकावा, कारण जितके दिवस जातील तितके चाऱ्याचे बिल वाढते. त्याच्या पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक होता का, तेवढे विचारून येथे कळवाल का?